डावं कव्हर

आमची घरघंटी बंद पडून सहा वर्षं झाली, पण तिची मोटर अजून चालते. घरघंटीच्या जाळ्या मिळेनाशा झाल्या तेव्हा आईने दळण पुन्हा कोपऱ्यावरच्या गिरणीत द्यायला सुरुवात केली आणि ते लहान कपाटाएवढं धूड जिन्याखाली जाऊन बसलं. गेल्या उन्हाळ्यात मी त्यातली मोटर काढली. एक एचपी, सिंगल फेज, पट्टीवर १४४० आरपीएम. तासगावातल्या एका लेथवाल्याकडून तिच्या शाफ्टवर बसेल असा निमुळता, आटे पाडलेला स्पिंडल करून घेतला. त्याचा पहिला प्रश्न होता, "मोटर फिरती कुठनं कुठं?" आटे उलट्या बाजूचे पडले तर चालू मोटरवर चाक सैल होत होत बाहेर येतं. बरोबर बाजूचे असले तर काम करताना जितका जोर लागेल तितकं ते घट्ट बसत जातं.

मोटर लोखंडी अँगलच्या फ्रेमवर बोल्टने आवळली आणि फ्रेम मागच्या पडवीतल्या फरशीला. चाकावर झाकण म्हणून पंधरा किलोच्या तेलाचा डबा उभा कापून बसवला. स्विच पायाखाली घेतला, म्हणजे दोन्ही हात गुंतलेले असताना पाय उचलला की वीज बंद.

राहिला बफ, म्हणजे कापडाचं चाक. ते दुकानात मिळतं, तसं घरीही करता येतं. आठ इंच व्यासाच्या सुती चकत्या कापायच्या, एकावर एक ठेवायच्या आणि मध्यापासून गोल गोल शिवण मारत बाहेर यायचं. घरच्या शिलाई मशीनला एका वेळी आठ थर झेपतात. अशा पाच गड्ड्या शेजारी शेजारी लावल्या की एक चाक होतं. शिवणी जवळ जवळ मारल्या तर चाक कडक होतं, ते घासायला. फक्त मध्यावर शिवलं तर कड मोकळी राहते, ते शेवटच्या झिलईला. कापड मात्र सुतीच हवं. पॉलिस्टर घर्षणाच्या उष्णतेने वितळतं आणि धातूवर चिकटून बसतं. आईने जुन्या साड्यांचा गठ्ठा काढला आणि प्रत्येकीचा एकेक दोरा काडीने पेटवून बघितला. राख झाली तर सुती, टोकाला काळा मणी झाला तर नाही. 'प्युअर कॉटन' म्हणून घेतलेल्या निम्म्या साड्यांचे मणी झाले. दुकानदाराचा उद्धार करत तिने बाकीच्या माझ्या हवाली केल्या.

आठ इंचांचं चाक मिनिटाला १४४० फेरे घेतं तेव्हा त्याची कड ताशी सुमारे ५५ किलोमीटरने धावते. आण्णांच्या येझदीचा सपाट रस्त्यावरचा आवडता वेग साधारण तेवढाच होता.

हा सगळा खटाटोप त्या येझदीसाठी. १९८६ची रोडकिंग, म्हैसूरच्या आयडियल जावाने बनवलेली. तो कारखाना १९९६ साली बंद झाला, गाडी मात्र चालत राहिली. आण्णा, म्हणजे माझे वडील, वीज खात्यात लाईनमन होते. वळवाच्या पावसात तारा तुटल्या, कुठे डीपी उडाला, की रात्री दारात कोणीतरी उभं असायचं. आण्णा सेफ्टी बेल्ट आणि रबरी हातमोजे कॅरियरला बांधायचे आणि निघायचे. तो दोन सायलेन्सरचा आवाज ओढ्याच्या पलीकडे जाईपर्यंत ऐकू यायचा. तो थांबला की आई दिवा मालवायची, पण झोपायची नाही.

ज्यांनी येझदी चालवली नसेल त्यांच्यासाठी सांगायला हवं: या गाडीत किक आणि गिअर एकाच लिव्हरवर असतात, तेही डाव्या बाजूला. लिव्हर आत दाबून मागे फिरवली की ती किक, पुन्हा पुढे आणली की गिअर. म्हणजे डाव्या पायाला उसंत नाही आणि इंजिनाच्या डाव्या कव्हरला डाव्या बुटापासून सुटका नाही. आण्णांनी ही गाडी तीस वर्षं नोकरीवर चालवली.

आता त्यांना तिला किक मारता येत नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या गुडघ्याची वाटी बदलली. माझ्या पुण्यातल्या इमारतीत एका फ्लॅटला एकच पार्किंग. "उभी ऱ्हायलेली गाडी म्हंजे भंगार," असं म्हणून आण्णांनी ती विकायचं ठरवलं. कोल्हापूरचा एक तरुण, माझ्याच वयाचा, बघून गेला. त्याला इंजिन आवडलं. कव्हरं मात्र पांढुरकी पडली होती, खवले धरले होते. ती आरशासारखी करून द्यायची, असं ठरलं. बाहेर करून घेता आलं असतं. पण आण्णा म्हणाले, "इंजिनेर हाईस न्हवं?"

इंजिनिअर आहे, पण कोणता ते विचारू नये. डिग्री मेकॅनिकलची, नोकरी सॉफ्टवेअरची. आमच्या बॅचमधल्या बहुतेकांचं हेच झालं. धातूच्या पृष्ठभागाबद्दल मला कॉलेजने शिकवलं ते एका चिन्हात मावतं. जुन्या पद्धतीच्या ड्रॉइंगमध्ये पृष्ठभाग किती गुळगुळीत हवा ते उलट्या त्रिकोणांनी दाखवतात. एक त्रिकोण म्हणजे खडबडीत, चार म्हणजे जवळपास आरसा. पेन्सिलने चार त्रिकोण काढायला चार सेकंद लागतात.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एका पॉलिशवाल्याकडे तयार बफ आणि पॉलिशच्या वड्या घ्यायला गेलो. पन्नाशीचा माणूस, भुवयांवर तपकिरी पूड. मी फोनवर कव्हरचा फोटो दाखवला. त्याने वड्या बाजूला सारल्या आणि आधी पॉलिशपेपर मोजून दिले: २२०, ४००, ६००, ८००, १०००, १५००. "चमक पेपरात असती," तो म्हणाला. "बफ नुसता सांगतो, पेपर मारलाय का न्हाई ते."

या वाक्याचा अर्थ हाताला कळायला तीन रविवार लागतात. २२०च्या पेपरवरचा कण साधारण ६८ मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीएवढा. ४००चा ३५ मायक्रॉन, १०००चा १८, १५००चा साडेबाराच्या आसपास. प्रत्येक पेपर धातूवर स्वतःच्या मापाचे ओरखडे पाडतो आणि आधीच्या पेपरचे मोठे ओरखडे खाऊन टाकतो. काम एवढंच. मोठे ओरखडे देऊन त्यांच्या बदल्यात लहान घ्यायचे, मग ते देऊन आणखी लहान. दर वेळी घासायची दिशा काटकोनात बदलायची, म्हणजे आधीच्या रेषा आडव्या उठून दिसतात. त्यातली शेवटची रेष जाईपर्यंत पुढचा पेपर हातात घ्यायचा नाही. ४००ची एक रेष राहिली असेल तर ८०० तिला हात लावत नाही, १५०० तर नाहीच. ती सगळ्यात शेवटी, बफ मारल्यावर, झिलईच्या मधोमध ठसठशीत दिसते. पेपर ओला ठेवायचा, पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब. नाहीतर अॅल्युमिनियमची मऊ पूड पेपरात भरते आणि नवे ओरखडे पाडते.

म्हणजे पॉलिश ही वर चढवायची गोष्ट नाही. रंग चढवतात, कल्हई चढवतात. पॉलिश करताना फक्त काढायचं असतं.

न्यूटनने हे १७०४ साली छापलेल्या 'ऑप्टिक्स'मध्ये जवळपास असंच मांडलंय. काच पॉलिश करणं म्हणजे खडबडीतपणा नाहीसा करणं नव्हे, ओरखडे डोळ्याला दिसू नयेत इतके बारीक करणं, असं त्याचं म्हणणं. डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन. उरलेली उंचसखलता त्याहून बरीच कमी झाली की प्रकाश विखुरत नाही, सरळ परततो, आणि आपण म्हणतो चमकतंय. घासायला वापरायच्या पदार्थांत न्यूटन 'ट्रिपोली'चं नाव घेतो. मी उद्यमनगरातून आणलेली तपकिरी वडी ट्रिपोलीचीच होती: सिलिकाची मऊसर, बारीक पूड, मेणचट चरबीत कालवलेली. तीनशे वर्षांत घासायच्या पुडीचं नावही बदललेलं नाही.

मधल्या काळात या साध्या व्याख्येवर बराच वाद झाला. जॉर्ज बिल्बी या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाचं म्हणणं होतं की पॉलिश करताना धातूचा वरचा थर अक्षरशः वाहतो आणि खाचांवर सायीसारखा पसरतो. १९३७ साली बौडेन आणि ह्यूज या दोघांनी दाखवलं की पॉलिश करणारा पदार्थ धातूपेक्षा कठीण असण्यापेक्षा त्याचा वितळणबिंदू जास्त असणं महत्त्वाचं ठरतं. त्यांच्या प्रयोगात वुड्स मेटल हा सत्तरेक अंशांना वितळणारा मिश्रधातू कापराने पॉलिश झाला. आरतीतल्या कापराने! पुढे सूक्ष्मदर्शक सुधारले तेव्हा पारडं पुन्हा न्यूटनकडे झुकलं: बरंचसं पॉलिश म्हणजे बारीक कापणंच. पण बफवर काम करताना बिल्बी अगदीच खोटा वाटत नाही. गरम चाकाखाली अॅल्युमिनियम किंचित लोळतं आणि बारीक खड्ड्यांच्या तोंडावर ओढलं जातं. खड्डे तेवढ्याने जात नाहीत.

घरी धातू घासणाऱ्यांचा मूळपुरुष म्हणावा असा माणूस इंग्लंडच्या बाथ गावात होता. विल्यम हर्शल, पेशाने संगीतकार. तांबं आणि कथिल वितळवून तो राहत्या घरात दुर्बिणीचे आरसे ओतायचा आणि हाताने घासायचा. एकदा त्याने सलग सोळा तास आरशावरून हात काढला नाही. बहीण कॅरोलिन त्याला घास भरवत होती. १७८१च्या मार्चमध्ये त्याने घरी बनवलेल्या दुर्बिणीतून युरेनस शोधला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये घरात मोठा आरसा ओतताना भट्टी गळली आणि उकळता धातू जमिनीवर पसरून फरश्या तडकल्या. ही गोष्ट मी आईला सांगितली. ती म्हणाली, "मी भरवणार नाही. आणि फरशी नवीन आहे."

तिची काळजी अनाठायी नव्हती. बफ मऊ दिसतो, म्हणूनच तो धोक्याचा. चाक आपल्या बाजूने खाली फिरत असावं आणि वस्तू चाकाच्या मध्याच्या खालच्या अंगाला धरावी. निसटली तर ती खाली, आपल्यापासून लांब फेकली जाते. वस्तूच्या कडेवरून चाक निघून गेलं पाहिजे. चाक कडेवर येऊन आदळलं तर ते कापड कड पकडतं आणि वस्तू हातातून हिसकावून घेतं. त्या क्षणी बोटं कुठे आहेत यावर पुढचं सगळं अवलंबून. ओढणी, सैल बाही, अंगठी, सैल हातमोजे, काही नको. एकाच चाकावर लोखंड आणि अॅल्युमिनियम घासायचं नाही. झाकणाखाली साठलेला कापडाचा भुसा आणि अॅल्युमिनियमची पूड रोज काढायची, कारण ती पेट घेते.

आणि धूळ. मी डोळ्यांना गॉगल, नाकाला एन-९५ लावून, पडवीत, वारा पाठीशी घेऊन, आठवड्यातून तीन तास काम करत होतो. उद्यमनगरातला तो माणूस दिवसाचे आठ तास करतो, तोंडाला बांधलेल्या रुमालावर. त्या तपकिरी पुडीत सिलिका आहे. सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात गेली की तिथेच राहते आणि तिच्याभोवती फुप्फुस कडक होत जातं. सिलिकोसिस म्हणतात त्याला, आणि तो उलटवणारं औषध नाही. सोनाराच्या दुकानातली धूळ झारेकरी पैसे मोजून नेतो, धुतो, त्यातून सोनं काढतो. अॅल्युमिनियमच्या धुळीला झारेकरी नसतो. ती ज्याच्या छातीत जाते त्याची. पेपर आणि वड्यांचे पैसे देताना मी त्याला मास्कबद्दल विचारलं. "दमट हुतंय त्यात," तो म्हणाला आणि सुट्टे शोधू लागला.

उजवं कव्हर चौथ्या रविवारी पूर्ण झालं. कडक बफवर तपकिरी वडी, मग सैल बफवर पांढरी. मधे मेणाचा काळा थर राहतो, त्यावर मैदा भुरभुरून सुती फडक्याने पुसायचं. मैदा मेण शोषून घेतो आणि धातूला ओरखडा पडत नाही. फडकं फिरवलं आणि त्याखालून पडवीचं छप्पर बाहेर आलं, कौलांच्या रेघांसकट. आण्णा खुर्चीत बसले होते. त्यांनी कव्हर उजेडाकडे तिरकं धरलं.

असं धरताना मी त्यांना आधी एकदाच पाहिलं होतं. गुडघ्याच्या ऑपरेशनआधी मिरजेत डॉक्टरांनी टेबलावर सांध्याचा नमुना ठेवला होता. मांडीच्या हाडावर बसणारा भाग कोबाल्ट-क्रोमियमचा, लख्ख. खाली पांढऱ्या प्लॅस्टिकची गादी. डॉक्टर आयुष्य, वजन, व्यायाम समजावत होते. आण्णांनी तो तुकडा उचलून असाच तिरका धरला आणि म्हणाले, "पॉलिश जबरी हाय की." डॉक्टर हसले आणि म्हणाले, ते दिसण्यासाठी नाही, धातूवर एक जरी ओरखडा राहिला तरी तो प्रत्येक पावलाला खालची गादी खात राहील. चार त्रिकोण कशासाठी असतात ते मला तिथे कळलं. या घरातली सगळ्यात उत्तम पॉलिश केलेली वस्तू आण्णांच्या पायात आहे आणि ती कुणालाही दिसणार नाही.

डावं कव्हर मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. बाकी सगळीकडे खवले होते, पण लिव्हरच्या पुढे तळहाताएवढा एक भाग आधीच चकाकत होता. चामडं आणि त्यात अडकलेली माती. बफ आणि वडीचंच काम, फक्त तीस वर्षं चाललेलं. भिंगातून बघितलं तर तिथले सगळे ओरखडे एकाच दिशेने, किंचित कमानदार गेलेले. पाय ज्या कमानीत गिअर टाकतो, त्याच कमानीत.

मी आण्णांना म्हटलं, "एवढा भाग तसाच ठेवू. बाकी करतो."

"का?"

"तुमच्या बुटाने झालाय. असा कुणाला करून मिळणार नाही."

माझ्या पिढीला अशा खुणा आवडतात. जुन्या गाड्यांच्या शौकिनांत मूळ झीज राखलेल्या गाडीला वेगळा मान असतो. घासून नवी केलेली गाडी त्यांना निम्मी वाटते. मी ते आण्णांना समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"तुला डाग दिसतोय," ते म्हणाले. "मला त्या रात्री दिसत्यात."

मग त्यांनी एका रात्रीचं सांगितलं. मला ती ऐकून माहीत होती, त्यांच्या तोंडून कधी नाही. लाईन बंद करून त्यांचे जोडीदार खांबावर चढले होते. कुणीतरी घरचा जनरेटर चालू केला आणि वीज उलटी लाईनवर आली. आण्णा दुसऱ्या गावच्या खांबाकडे निघाले होते. निरोप मिळाला तसे वळून ते त्या खांबापर्यंत येझदीवर गेले. "चौथ्या गिअरवर टाकायला तवाबी हाच पाय," एवढंच म्हणाले. मग हात पुढे केला. "पेपर दे."

गुडघ्यामुळे त्यांना खाली बसता येत नाही. मी स्टुलावर कव्हर ठेवलं, पाण्याचा तांब्या शेजारी. त्यांनी २२०चा तुकडा लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळला आणि कमानीच्या बरोब्बर आडवं घासायला सुरुवात केली. कोणी सांगितलं नव्हतं. अर्ध्या तासात त्या रेषा गेल्या. करडं पाणी स्टुलाच्या कडेने ठिबकत होतं. त्यांनी बोटाने चाचपलं, पेपर बदलला, दिशा बदलली. ४००, ६००, ८००. त्या दिवशी मी फक्त पाणी घालत होतो.

बफ मी मारला. मैदा टाकून पुसलं. डावं कव्हर उजव्यासारखंच निघालं आणि आण्णांनी ते ट्यूबलाइटखाली धरलं. ट्यूबचं प्रतिबिंब एका टोकाकडून सरळ येत होतं, लिव्हरच्या पुढे पोचलं की वाकत होतं आणि पुन्हा सरळ जात होतं. पेपर आणि बफ पृष्ठभागाच्या मागे मागे जातात. ते ओरखडे काढतात, आकार बदलत नाहीत. बुटाने तिथला धातू इतका खाल्ला होता की उथळ वाटीसारखा खोलगट भाग झाला होता. मळ आणि खवले होते तोवर तो दिसला नव्हता.

"हितं बसलंय जरा," आण्णा म्हणाले.

"कानस लावून आजूबाजूचं उतरवलं तर सपाट होईल. एक दिवसाचं काम आहे."

त्यांनी कव्हर उलटं करून आतल्या बाजूने अंगठ्याने जाडी अजमावली. परत सुलटं केलं. ट्यूबलाइट वाकली, सरळ झाली.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "कानस मारलीस तर पातळ हुईल. मग तेल गळंल."